वाडग्याची कुंडी करतांना

चिनीमातीचीं भांडीं फुटतात एकेकटीं, परंतु वापरांतून जातात तीं संचानें. सहा वाडग्यांपैकीं दोन फुटले कीं उरलेले चार पंगतीला पुरत नाहींत. कोणापुढें कोणता ठेवावा ही पंचाईत नको म्हणून ते फडताळाच्या वरच्या फळीवर जातात, आणि पुढें दिवाळीच्या साफसफाईखेरीज त्यांना कोणी हात लावीत नाहीं. एकत्र कुटुंबांत अशा फळ्या पुष्कळ. थोरल्या सूनबाईंच्या लग्नांत आलेला संच, बदलीच्या गांवाहून परततांना कोणी खुर्ज्याहून आणलेल्या बरण्या, कपांवांचून राहिलेल्या बशा, हा सगळा ऐवज टाकवत नाहीं आणि वापरवतही नाहीं.

शहरांतील घरांतून आतां वामनवृक्षांचा, म्हणजे जपानी लोक ज्याला बोन्साय म्हणतात त्याचा, छंद बराच पसरला आहे. आणि त्यामुळें या फळ्यांकडे पुन्हां लक्ष जाऊं लागलें आहे. खास बोन्सायसाठीं घडविलेली चांगली कुंडी महाग पडते. जुना वाडगा मात्र पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोरबाजारांत थोडक्या पैशांत मिळतो, आणि घरच्या फळीवर तर तो वाटच पाहत असतो.

एका वाचकभगिनींचें याच संबंधांत आम्हांला पत्र आलें आहे. त्यांच्या कैलासवासी सासूबाई ज्यांत रोज दहीं विरजीत तो निळ्या फुलांचा वाडगा घरांत आहे. त्याच संचांतील आणखी तीन आहेत. गॅलरीच्या भिंतींत उगवलेलें वडाचें रोप त्यांनीं हलक्या हातानें काढून दह्याच्या वाडग्यांत लावलें. भोक पाडण्यास मन होईना, म्हणून तळाशीं दोन बोटें खडे घातले. तीन महिन्यांत पानें पिवळीं होऊन गळूं लागलीं. धाकटे दीर म्हणतात, वाडगा द्या, पांच मिनिटांत भोक पाडतों. जाऊबाई म्हणतात, सासूबाईंच्या वाडग्याला हात लावावयाचा नाहीं. आपण काय सांगतां, असें त्या विचारतात.

आधीं झाडाची बाजू ऐकूं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या सगळ्या फटी पाण्यानें भरून राहिल्या कीं मुळांचा श्वास कोंडतो आणि तीं कुजतात. आणि कुजकीं मुळें पाणी ओढूं शकत नाहींत. त्यामुळें पाण्यांत बुडालेलें झाड नेमकें तहानेल्या झाडासारखें दिसतें, आणि तें पाहून कोणीतरी मायेनें आणखी एक तांब्या ओततें. सकाळीं आजोबा, दुपारीं सूनबाई आणि संध्याकाळीं शाळेंतून आलेला नातू असे तीन हात ज्या घरांत आहेत, तेथें बिनभोकाच्या वाडग्यांतलें झाड फार दिवस टिकत नाहीं.

तळाशीं खडे घातले म्हणजे निचरा होतो ही समजूत जुनी आहे आणि फार घट्ट आहे. ती तपासून पाहण्यास भांडीं घासण्याचा एक जाड स्पंज पुरे. तो पाण्यांत बुडवावा आणि न पिळतां तळहातावर आडवा धरावा. ठिबकणें अगदीं थांबलें कीं तोच स्पंज हळूच उभा करावा. खालच्या टोकांतून पुन्हां पाणी गळूं लागतें! पाणी तेवढेंच, स्पंज तोच. बदलली ती केवळ उंची. याचें कारण असें कीं, केशाकर्षणानें प्रत्येक माती आपल्या तळाशीं पाण्याचा एक थर धरून ठेवते. त्या थराची जाडी मातीचे कण किती बारीक आहेत यावर ठरते. भांडें उथळ आहे कीं खोल याचा तिच्याशीं संबंध नाहीं. बादलीएवढ्या कुंडींत तो थर तळाशीं राहून वर पुष्कळ हवेशीर माती उरते. चार बोटें खोल वाडग्यांत तोच थर जवळजवळ सगळी जागा व्यापतो. आतां त्यांत दोन बोटें खडे घातले तर ओला थर खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. खड्यांनीं वाडगा अधिक उथळ केला, एवढेंच झालें. भोक नसेल तर खड्यांत सांचलेलें पाणीही बाहेर जात नाहीं, तें दिवसेंदिवस चढतच राहतें.

म्हणून भोकाला पर्याय नाहीं. आणि भोक पाडून आंत बागेंतील काळी चिकण माती भरली तर भोक असूनही उपयोग नाहीं, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

जपानी भाषेंत वाडग्याला आणि कुंडीला एकच शब्द आहे: हाची. आमच्या वाचकांना तो परका वाटण्याचें कारण नाहीं, कारण त्याचें मूळ आपल्याच 'पात्र' शब्दांत आहे. बौद्ध भिक्षूंचें भिक्षापात्र चीन देशांत गेलें तेव्हां चिनी लोकांनीं त्या संस्कृत शब्दाचा उच्चार आपल्या लिपींत बसविला; पुढें त्याचा पहिला अवयव तेवढा राहिला आणि तो जपानांत जाऊन हाची झाला. उथळ पात्रांत वाढविलेल्या झाडाला तिकडे बोन्साय हें नांव रूढ होण्यापूर्वीं 'हाचि-नो-कि' म्हणत, म्हणजे सरळ सरळ 'वाडग्यांतलें झाड'. याच नांवाचें तेथील नो परंपरेंतील एक नाटक प्रसिद्ध आहे. बर्फाच्या रात्रीं दारीं आलेल्या अतिथीला ऊब मिळावी म्हणून दरिद्री झालेला एक सामुराई घरांत उरलेलीं तीन कुंडींतलीं झाडें, एक प्लमचें, एक चेरीचें व एक पाइनचें, तोडून जाळतो; आणि तो अतिथि म्हणजे वेषांतर केलेला राज्यकर्ता होजो तोकियोरी असतो. अतिथिधर्माच्या कथा आपल्याकडे थोड्या नाहींत, पण त्यांत होमलेली वस्तु वाडग्यांतलें झाड असावी हें आम्हांला मोठें हृद्य वाटतें.

हा छंद मुळांत चिनी. शांशी प्रांतांत राजपुत्र चांगह्वाय याच्या समाधींतील भित्तिचित्रें इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आरंभींचीं आहेत. त्यांत उथळ पात्रांतलीं इवलीं झाडें हातीं घेतलेले सेवक दाखविले आहेत. पुढें कुंड्या घडविणारीं गांवेंच प्रसिद्धीस आलीं: चीनमध्यें यीशिंग, जपानांत तोकोनामे. पण ज्या पात्राला भोक नाहीं त्यांत झाड लावावयाचें नाहीं हा त्यांचा कटाक्ष असे. बिनभोकाच्या उथळ तबकाला जपानी भाषेंत सुइबान असें निराळेंच नांव आहे. त्यांत पाणी आणि सुंदर दगड ठेवतात. नर्गिसाचे कंद फुलविण्याचीं चिनी पात्रेंही बिनभोकाचींच, कारण त्या कंदांना थोडे दिवस पाण्यांतच बसावयाचें असतें.

आतां कोणता वाडगा घ्यावा तें पाहूं. पहिली परीक्षा कानाची. वाडगा बोटांच्या टोकांवर तोलून त्याच्या कांठावर नखानें टिचकी मारावी. खणखणीत वाजला तर तो अखंड. बद्द वाजला तर कोठेंतरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. बद्द वाजणाऱ्या वाडग्याला भोक पाडूं नये, तो हातांत दुभंगेल. कांठाचा टवका उडालेला असला तर मात्र कांहीं बिघडत नाहीं. तेवढी बाजू मागें ठेवावी.

दुसरी परीक्षा बुडाची. वाडगा उलटा केला कीं खालीं एक गोल कडें दिसतें, त्यावर बहुधा झिलई नसते. तेथें पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब शोषला गेला तर भांडें मऊ भाजणीचें आहे, त्याला भोक लवकर पडतें. तसाच राहिला तर भांडें चांगलें १२०० अंशांच्या वर भाजलेलें, कठीण अंगाचें. तें कुंडी म्हणून अधिक टिकाऊ, पण भोक पाडणाऱ्याचा संयम पाहणारें. आणि कड्यावरही सर्वत्र झिलईसारखी चकाकी असली, भांडें पातळ, हलकें, दुधासारखें एकसारखें पांढरें असलें, तर तें चिनीमातीचें नसून कांचेचें असण्याचा संभव आहे. अशीं बरींच भांडीं कडक केलेल्या कांचेचीं असतात. ड्रिल लागतांच तीं ठिकऱ्या होऊन उडतात. शंका असल्यास हात लावूं नये.

आकाराच्या बाबतींत एकच गोष्ट महत्त्वाची: तोंडाशीं आंत वळलेला वाडगा नको. झाड दर एक-दोन वर्षांनीं कुंडींतून काढून मुळें छाटावीं लागतात, आणि आंत वळलेल्या तोंडांतून मुळांचा गोळा निघत नाहीं. शेवटीं झाड तरी तोडावें लागतें किंवा वाडगा तरी. कुंडीची खोली बुंध्याच्या जाडीइतकी असावी असा बोन्सायचा एक ठोकताळा आहे, तो वाचून वाडगे फार खोल पडतात अशी पुष्कळांची तक्रार असते. तो ठोकताळा जुन्या, जाड बुंध्याच्या झाडांसाठीं आहे. पेन्सिलीएवढ्या बुंध्याला तो लावला तर बशीही खोल ठरेल. आपल्या वैशाखाच्या उन्हांत कोवळ्या झाडाला वाडग्याची खोली उपकारकच होते.

लोणच्याच्या जुन्या बरण्यांविषयीं दोन शब्द. ज्यांच्या झिलईवर केंसासारख्या बारीक रेघांचें जाळें पडलें आहे, त्या बरणीच्या अंगांत वर्षानुवर्षांचें मीठ मुरलेलें असतें, आणि मीठ मुळांचें वैरी. अशी बरणी आठ-दहा दिवस पाण्यांत बुडवून ठेवावी, पाणी रोज बदलावें. वाळल्यावर अंगावर पांढरी बुरशी दिसली तर ती बुरशी नसून मीठच आहे असें समजून पुन्हां बुडवावी. तसेंच जुन्या झिलईंत शिसें असूं शकतें. म्हणून अशा भांड्यांत तुळस, पुदिना, कोथिंबीर असें कांहीं तोंडांत जाणारें लावूं नये. शोभेच्या झाडाला हरकत नाहीं.

भोक पाडण्याचें काम धाकट्या दिरांना वाटतें तितकें झटपट नाहीं, आणि पांच मिनिटांत पाडूं असें म्हणणाऱ्याच्या हातीं वाडगा न दिलेला बरा. खिळा व हातोडी यांचें नांवच काढूं नये. हार्डवेअरच्या दुकानांत टाइल्सना भोक पाडण्याचें हिरकण्या बसविलेलें पोकळ नळीसारखें बिट मिळतें. वीतभर रुंद वाडग्याला १२ ते १५ मिलिमीटरचें पुरे. ड्रिलयंत्र बॅटरीवरचें घ्यावें, कारण या कामांत सतत पाणी लागतें आणि पाण्याजवळ भिंतींतील वीज नको. यंत्राचा ठोके देणारा खटका बंद असल्याची दोनदां खात्री करावी.

वाडग्यांत ओली वाळू दाबून भरावी आणि लांकडी फळीवर तो पालथा घालावा. वाळूनें तळाला आंतून आधार मिळतो. बुडाच्या कड्यांत थोडें पाणी ओतलें कीं त्याचें आपोआप तळें होतें, आणि बिट त्यांत थंड राहतें. हें कडें जणूं याच कामासाठीं घडविलें आहे असें वाटावें! गति मंद ठेवावी. बिट प्रथम तिरपें धरून झिलईवर चंद्रकोरीएवढी खांच पाडावी, मग सावकाश उभें करावें. एकदम उभें धरलें तर तें झिलईवरून घसरतें. दाब यंत्राच्या वजनाइतकाच; वेळ लागतो तितका लागूं द्यावा. पाणी दुधाळ झालें कीं बदलावें. आवाज बदलून पोकळ येऊं लागला म्हणजे भोक पार होत आलें. तेव्हां दाब जवळजवळ काढूनच घ्यावा. आंतल्या बाजूस थोडे टवके उडतात, पण ते मातीखालीं झांकले जातात. पालथा घालून पाडण्याचा हाही एक लाभ. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि काम कधींही कोरडें करूं नये. चिनीमातीची कोरडी धूळ फुप्फुसांत जाऊन बसते आणि पुन्हां निघत नाहीं. मुलांना पाहूं द्यावें, पण दुरून.

येथें पुष्कळांचें काम संपतें, आणि झाड तरीही मरतें. कारण तेंच बुडाचें कडें. वाडगा सपाट फरशीवर ठेवला कीं कडें फरशीला टेकून बसतें आणि भोकांतून आलेलें पाणी त्याच्या आंतच अडतें. यास्तव कड्याला दोन-तीन ठिकाणीं कानशीनें ओल्यानेंच खांचा पाडाव्या, किंवा वाडगा तीन चपट्या खड्यांवर ठेवावा. दुसरा उपाय सोपा आणि दिसावयासही बरा.

भोकावर प्लास्टिकची भरड जाळी तारेनें अडकवावी. मच्छरदाणीची नको, ती महिन्याभरांत तुंबते. मातीऐवजीं विटांचे दोन ते पांच मिलिमीटरचे तुकडे आणि भरड वाळू यांत चौथा हिस्सा चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें; विटांची पूड मात्र चाळून टाकावी, नाहींतर सगळा खटाटोप व्यर्थ. गुळगुळीत झिलईला मुळें लवकर धरीत नाहींत, म्हणून झाड भोकांतून घेतलेल्या तारेनें वाडग्याशीं बांधावें. झाडाच्या निवडीविषयीं येथें इतकेंच कीं, वडाचें पान वीतभर वाडग्याला फार मोठें. लहान वाडग्यांत नांदरुक, कुंती किंवा डाळिंब अधिक शोभतें. पावसाळ्याच्या तोंडाशीं लावलें तर सहसा दगा होत नाहीं.

या छंदालाच ज्यांचा विरोध आहे अशीं वडीलधारीं माणसें प्रत्येक घरांत असतात. झाडाला खुजें करणें हे त्याचे हाल आहेत असें त्यांचें म्हणणें. तें हंसण्यावारी नेऊं नये. मुळें छाटणें, तार गुंडाळणें हें निष्काळजी हातांत खरोखरच क्रूर होतें, आणि बाजारांत वरून खडे चिकटवून विकल्या जाणाऱ्या बिनभोकाच्या कुंड्या पाहून आमचाही जीव हळहळतो. परंतु हिरोशिमाच्या यामाकी घराण्यांतील एका श्वेत पाइनची हकीकत त्यांना सांगावी. १६२५ पासून माणसाच्या हाताखालीं वाढलेलें तें झाड. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब पडला त्या जागेपासून सुमारें तीन किलोमीटरवर, बागेच्या भिंतीच्या आडोशाला असल्यानें वांचलें. १९७६ साली तें अमेरिकेला भेट देण्यांत आलें आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांत पोंचलें. ज्या देशानें बाँब टाकला त्याच देशाला दिलेल्या या भेटीचा पूर्वेतिहास तेथें उघड झाला तो २००१ मध्यें, देणाऱ्याचे नातू झाड पाहावयास गेले तेव्हां. चारशें वर्षें एका पिढीनें दुसरीच्या हातीं जें सोंपविलें, त्याचे हाल झाले असें कोणी म्हणणार नाहीं.

आतां आमच्या वाचकभगिनींना उत्तर. वडाचें रोप आजच वाडग्यांतून काढावें. काळीं, मऊ झालेलीं मुळें छाटून तें साध्या मातीच्या कुंडींत, वर सांगितलेल्या भरड मिश्रणांत लावावें आणि नवी पालवी फुटेपर्यंत सावलींत ठेवावें. खत तूर्त देऊं नये.

दह्याच्या वाडग्याला भोक पाडूं नये. जाऊबाईंचें म्हणणें आम्हांला पटतें. ज्या वाडग्यांतलें दहीं खाल्लेलीं माणसें अजून घरांत आहेत, तो अद्याप वाडगाच आहे. आणि एकदां पडलेलें भोक बुजत नाहीं. तो धुवून पुसून ठेवावा, जमल्यास पुन्हां दहीं विरजावें. त्यांत झाड दिसावेंच असा आग्रह असेल तर त्यापेक्षां लहान अशी भोकाची साधी कुंडी आंत ठेवावी. पाणी घालतांना ती बाहेर काढावी, पुरती निथळली म्हणजे परत ठेवावी.

उरले तीन. ते सासूबाईंचे असले तरी फळीवरचेच होते, त्यांच्याविषयीं दोघी जावांनीं मिळून ठरवावें. आमच्या मतें त्यांपैकीं एक, ज्याच्या कांठाचा टवका उडाला असेल तो, कुंडीसाठीं द्यावा. मात्र धाकट्या दिरांनीं आधीं जुन्या बाजारांतून दोन-चार बेवारशी वाडगे आणून त्यांवर हात बसवावा. दोन सलग भोकें तडा न जातां पडलीं म्हणजे मग घरचा वाडगा त्यांच्या हातीं द्यावा. बिटाच्या नळींत निळ्या रेघेची गोल चकती अडकून राहते. ती टाकूं नये, जाऊबाईंना द्यावी.

विटांचे तुकडे कोणत्या मापाच्या चाळण्यांनीं चाळावे, आणि पावसाळ्यांत संततधार लागली असतां या कुंड्या कोठें ठेवाव्या, हें पुढील अंकीं लिहूं.